सल्ला हवा: आई-बाबांना 'डार्लिंग कम्पॅनियन' दाखवावा का? (समीक्षकांनी पार धुतलाय)

गोदाकाठ

मंडळी, पुढच्या महिन्यात आई-बाबांच्या लग्नाला 45 वर्षं होतायत. हॉल, केक, हॉटेलातलं जेवण काहीही नको म्हणतात. "घरीच बसून एखादा सिनेमा बघू," इतकीच मागणी. आई डायन कीटनची जुनी भक्त. 2025च्या ऑक्टोबरात कीटन गेली, तेव्हापासून तिचे बघायचे राहिलेले सिनेमे शोधून देणं हे माझं काम झालंय. त्यात हा 2012चा 'डार्लिंग कम्पॅनियन' हाती लागला. कीटन आणि केव्हिन क्लाइन, दिग्दर्शक लॉरेन्स कॅस्डन.

कथा वाचली आणि खुर्चीत सरळ होऊन बसलो. बाईला हायवेच्या कडेला एक कुत्रा सापडतो, ती त्याला घरी आणते आणि नाव ठेवते फ्रीवे. नवरा मणक्याचा सर्जन, सदा घाईत. एक दिवस तो फोनवर बोलत बोलत कुत्र्याला फिरवायला नेतो आणि कुत्रा हरणामागे पळून जातो तो जातोच.

आता आमच्या घरचं सांगतो. आईने मुंबई-आग्रा हायवेवर, इगतपुरीच्या अलीकडे, गावठी पिल्लू उचललं. त्याचं नाव बंड्या. गेल्या दिवाळीत बाबा त्याला खाली घेऊन गेले होते. फोन आला, तेवढ्यात कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला, आणि बंड्या पट्ट्यासकट पसार. आई नंतर बाबांना काय बोलली ते इथे लिहीत नाही. ती बोलायची थांबली तेव्हा जास्त भीती वाटली.

तर प्रश्न असा की परीक्षणं वाचवत नाहीत इतकी वाईट आहेत. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज साइटवर 20च्या आसपास टक्के! नवरा-बायको-कुत्रा या विषयावर दुसरं काही बरं आहे का, की हाच लावू?

मांजरवाली

सिनेमा राहू द्या बाजूला. बंड्या सापडला का ते आधी सांगा!!

डोंगरवाट

+1. असं अर्ध्यात सोडतात का राव.

गोदाकाठ

अरे हो, चुकलंच. सापडला. चौथ्या दिवशी, पाथर्डी फाट्यावर, वडापावच्या गाडीखाली. गेला त्यापेक्षा जाडजूड होऊन आला.

मांजरवाली

हुश्श. आता चालू द्या.

पडदापुराण

हा सिनेमा मी दोनदा पाहिलाय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी त्या टक्क्यांचं. 20 टक्के म्हणजे शंभरात 20 गुण नव्हेत. जेवढ्या समीक्षकांनी लिहिलं त्यातल्या साधारण पाचांत एकाला सिनेमा एकंदरीत आवडला, एवढाच त्याचा अर्थ. 'ठीक आहे, पण नको' म्हणणारा आणि 'डोळे फुटले' म्हणणारा, दोघेही एकाच खान्यात जातात. या सिनेमाच्या बाबतीत हे महत्त्वाचं आहे, कारण चिडलेले थोडे होते, कंटाळलेले फार.

तक्रारी काय होत्या? पहिली आणि सगळ्यात मोठी, कुत्रा सिनेमाच्या सुरुवातीलाच गायब होतो. पोस्टरवर कुत्रा, नावात सोबती, आणि पुढचा बहुतेक वेळ आपण सहा माणसांना रॉकी पर्वतात "फ्रीवे! फ्रीवे!" ओरडत हिंडताना बघतो. दुसरी तक्रार त्या सुट्टीच्या घराची देखभाल करणाऱ्या कार्मेनबद्दल. ती जिप्सी वंशाची, म्हणून तिला दृष्टान्त होतात आणि कुत्रा कुठल्या दिशेला आहे ते 'दिसतं'. पटकथेत जिथे वाट खुंटते तिथे ही बाई डोळे मिटते. यावर समीक्षक वैतागले ते योग्यच, मीही वैतागलो. तिसरी म्हणजे खात्यापित्या घरातल्या लोकांची किरकोळ दुःखं. डोंगरात दुसरं घर असलेल्या माणसांचा कुत्रा हरवला तर आम्ही काय करू, असा एकूण सूर.

पण नटांना फारसं कुणी बोललं नाही. कीटन, क्लाइन, डायन वीस्ट, रिचर्ड जेन्किन्स, शेरीफच्या (तिथल्या पोलीस प्रमुखाच्या) भूमिकेत सॅम शेपर्ड, मुलीच्या भूमिकेत एलिझाबेथ मॉस. 'एवढी माणसं जमवली आणि त्यांना दिलं काय,' ही हळहळ बहुतेक परीक्षणांत आहे.

आणि कॅस्डनचा इतिहास आड आला असं माझं मत. स्टार वॉर्समधल्या 'एम्पायर स्ट्राइक्स बॅक' आणि इंडियाना जोन्सच्या 'रेडर्स'च्या पटकथांवर ज्याचं नाव आहे, ज्याने 1983मध्ये 'द बिग चिल' केला, तो नऊ वर्षांनी सिनेमा घेऊन येतो आणि तो निघतो कुत्रा शोधण्याचा! समीक्षक त्या माणसाची वाट बघत बसले होते, आणि आला हा. 'बिग चिल'मधलाच क्लाइन इथेही आहे, दोघांचा हा सहावा एकत्र सिनेमा. म्हणजे तुलना टाळणार तरी कशी.

गंमत अशी की कुत्रा आणि विस्कटलेलं लग्न हा विषय कॅस्डनने 1988मध्येच केला होता, 'द अ‍ॅक्सिडेंटल टुरिस्ट'मध्ये. मुलगा गेलाय, बायको सोडून गेलीये, आणि चावरा कॉर्गी कुत्रा नायकाला एका तऱ्हेवाईक प्रशिक्षक बाईच्या दारात नेऊन सोडतो. न्यूयॉर्कच्या समीक्षक मंडळाने त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम चित्रपट ठरवलं आणि जीना डेव्हिसला ऑस्कर मिळालं. तिथे कुत्रा चावत असतो, समोर असतो, त्याच्यामुळे काहीतरी घडतं. इथे कुत्रा नाही म्हणून घडतं. ते पडद्यावर दाखवणं जास्त अवघड, आणि कॅस्डनला ते पूर्ण जमलेलं नाही हेही मान्य.

पण एक सांगतो. कीटन आणि क्लाइन त्या रानात भरकटतात आणि कुत्र्यावरून सुरू झालेलं भांडण कुत्र्याचं उरतच नाही, ते प्रसंग 45 वर्षं लग्नात काढलेल्या माणसांना जसे कळतील तसे पंचविशीतल्या समीक्षकाला कळायचे नाहीत. पटकथा कॅस्डनने स्वतःच्या बायकोबरोबर, मेग कॅस्डनबरोबर लिहिलीये. त्यांचा स्वतःचा कुत्रा असाच डोंगरात हरवून परत मिळाला होता, त्यावरून हे सुचलं. काही संवाद शब्दशः घरातून उचललेले असणार, याबद्दल मी पैज लावतो.

माझा सल्ला: लावा. समीक्षक बरोबर आहेत, तरी लावा.

डोंगरवाट

पडदापुराण, लिहिता छान, पण पटलं नाही. अ‍ॅनिव्हर्सरीच्या दिवशी आई-बाबांना दुसऱ्या नवरा-बायकोचं भांडण कशाला दाखवायचं? त्यापेक्षा 'मार्ली अँड मी' लावा. ओवेन विल्सन, जेनिफर अ‍ॅनिस्टन, पिवळा लॅब्रॅडोर, धुमाकूळ. आमच्या घरी सगळे खदखदून हसले.

मांजरवाली

डोंगरवाट, शेवटपर्यंत बघितलात का? की मधेच लाइट गेले होते? 😐

डोंगरवाट

शेवटची वीस मिनिटं मी पोळ्या आणायला गेलो होतो. का?

मांजरवाली

(पुढे स्पॉयलर आहे) कुत्रा जातो हो. म्हातारा होतो आणि जातो. माझ्या बहिणीने मुलांना 'मज्जेचा सिनेमा' म्हणून लावून दिला होता. दोन दिवस घरात सुतक.

पडदापुराण

'मार्ली'चा तर समीक्षकांनाच आधी उलगडा झाला नव्हता. 2008च्या नाताळला आला, जाहिरातीत नुसती उशा फाडणारी, गळ्यातली साखळी गिळणारी मस्ती. पहिल्याच दिवशी अमेरिकेत जवळपास दीड कोटी डॉलर, नाताळच्या दिवसाचा तेव्हाचा विक्रम. परीक्षणं मात्र दुभंगलेली, साठ टक्क्यांच्या थोडी वर. 'व्हरायटी'च्या टॉड मॅकार्थीने लिहिलं की सगळं ढोबळ आणि अपेक्षित आहे, पण मांजरं सोडून कुणाला टाळता येणार नाही. 'एंटरटेनमेंट वीकली'च्या ओवेन ग्लायबरमनने तर जवळजवळ पैकीच्या पैकी गुण दिले, कारण त्याला त्यात कुत्र्याबरोबर संसाराचा पसाराही दिसला. उलट 'हॉलीवूड रिपोर्टर'च्या कर्क हनीकटला त्यात ना धड नाट्य दिसलं, ना धड विनोद.

मला वाटतं फरक एवढाच की ज्यांनी तो कुत्र्याचा सिनेमा म्हणून पाहिला त्यांना प्रसंगांची माळ दिसली. ज्यांनी लग्नाचा सिनेमा म्हणून पाहिला त्यांना नोकऱ्या, पोटातलं मूल गेल्याचं दुःख, मुलं, फ्लोरिडाहून पेनसिल्व्हेनियाला हलणं हे सगळं दिसलं. कुत्रा त्या वर्षांचं माप आहे. ती वर्षं दाखवायला 22 लॅब्रॅडोर वापरले होते.

अवांतर: 'मार्ली'त कुत्र्यांच्या शाळेची ती करडी बाई आठवते? ती कॅथलीन टर्नर. त्याच्या वीस वर्षं आधी 'अ‍ॅक्सिडेंटल टुरिस्ट'मध्ये सोडून गेलेली बायको तीच. म्हणजे आधी कुत्र्याच्या मास्तरणीपायी नवरा गमावला आणि नंतर स्वतःच मास्तरीण झाली.

डोंगरवाट

😂 मान्य. आणि शेवटाचं आधी सांगितल्याबद्दल आभार. आता पुन्हा बघणार नाही.

नेवार्कचा_नाना

मी 'डार्लिंग कम्पॅनियन' 2012च्या वसंतात इथे अमेरिकेत थेटरात पाहिलाय. सोनी पिक्चर्स क्लासिक्सने थोड्याच ठिकाणी लावला होता. आम्ही नऊ जण होतो, सगळे पांढऱ्या केसांचे, मी आणि आमची ही त्यात सगळ्यांत तरुण. कुत्रा हरवला त्या प्रसंगाला मागच्या रांगेतली एक आजीबाई आपल्या नवऱ्याला मोठ्याने म्हणाली, "बघ, फोन." अख्खं थेटर हसलं. नऊच्या नऊ.

अमेरिकेतल्या कमाईचा आकडा दहा लाख डॉलरलाही पोचला नाही. पण नऊ जणांचा तो खेळ मी अजून विसरलेलो नाही.

मांजरवाली

नाना, हे परीक्षण बाकी सगळ्यांपेक्षा भारी आहे.

एक विचारू? आपल्या सिनेमांत कुत्र्याला कधी नुसतं कुत्रा राहू देतात का? 'तेरी मेहेरबानियां'त त्याने सूड घ्यायचा, 'हम आपके हैं कौन'मध्ये अंपायरिंग करायचं. हे फ्रीवे नुसतं हरवतं आणि माणसं स्वतःची लाज काढतात, हे मला तरी आवडेल.

डॉ_शेपूट

सिनेमातलं मला फार कळत नाही, जनावरांचा डॉक्टर आहे. दोन गोष्टी सांगून जातो.

'मार्ली'त त्या कुत्र्याच्या पोटाला पीळ पडतो. ते खरं दाखवलंय. खोल छातीच्या मोठ्या जातींत होतं. पोट फुगतं, कुत्रा ओकायला बघतो पण काही येत नाही, अस्वस्थ फेऱ्या मारतो. असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्री दोन वाजताही निघा. तासांचा खेळ असतो.

दुसरं, गोदाकाठ, बंड्याच्या गळ्यात फोन नंबर असलेला बिल्ला आहे का? दिवाळीच्या आठवड्यात फिरवणं दिवसाउजेडी उरका आणि संध्याकाळी खिडक्या लावून त्याला आतल्या खोलीत ठेवा. पळालेला कुत्रा घाबरलेला असतो, हाक मारून पाठलाग केला की आणखी पळतो. वडापावची गाडी हे त्याचं शहाणपण समजा.

गोदाकाठ

डॉक्टर, बिल्ला त्याच आठवड्यात केला. बाबांनी स्वतः. एका बाजूला बाबांचा नंबर, दुसऱ्या बाजूला आईचा.

पडदापुराण, एक शंका. 'डार्लिंग कम्पॅनियन'मध्ये चावटपणा किती? आईसोबत बसून बघायचंय.

पडदापुराण

अमेरिकेत पीजी-13 दाखला आहे, म्हणजे तेराखालच्या मुलांच्या पालकांना सावधगिरीची सूचना. थोडी शिवीगाळ, थोडे उल्लेख. 45 वर्षं संसार केलेल्या माणसांना धक्का बसेल असं काही नाही, बसला तर तुम्हालाच बसेल. इंग्रजी सबटायटल्स मात्र चालू ठेवा, कीटन वाक्यं अर्धी गिळते. आणि कार्मेनबाई डोळे मिटतील तेव्हा चहा टाकायला उठा.

गोदाकाठ

(साडेतीन आठवड्यांनी)

धागा वर काढतोय, कारण काहींनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं.

बघितला. श्रीखंड-पुरीचं जेवण झाल्यावर, पडदे ओढून. बंड्या सोफ्यावर आईच्या पायांवर. पहिल्या अर्ध्या तासात बाबा दोनदा घोरले. फोनचा प्रसंग आला तसा मी श्वास रोखला. आईने बाबांकडे बघितलंच नाही, टीव्हीकडेच बघत होती. बाबांनी खिशातला मोबाईल काढला, पालथा घालून टीपॉयवर ठेवला आणि परत समोर बघायला लागले. शब्द नाही.

कार्मेनच्या दृष्टान्तांना आई चक्क "काहीही!" म्हणाली. समीक्षकांशी तिचं एवढ्यावर एकमत. रानातल्या भांडणाला मात्र दोघं फार हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, ते त्यांचं त्यांनाच माहीत.

संपल्यावर बाबा म्हणाले, "एका कुत्र्यासाठी सहा माणसं आणि वर शेरीफ. मी एकटा होतो, स्कूटरवर."

आई म्हणाली, "चार दिवस लागले तुम्हाला."

मग ती चहा करायला उठली, आणि बंड्या तिच्या मागे.