जन्मदाखला आधी काढून बघा

वहिनी नाशिकला नर्स आहेत, एच-१बी (तात्पुरत्या नोकरीचा व्हिसा) न घेता थेट ग्रीन कार्डवर अमेरिकेला जाता येईल का, असं वर विचारलंय. येईल. अमेरिकेतल्या रुग्णालयाने त्यांच्यासाठी आय-१४० अर्ज, म्हणजे मालकाने कर्मचाऱ्याच्या ग्रीन कार्डसाठी करायचा अर्ज, भरायचा. नोंदणीकृत नर्सना पर्मची (तिथल्या कामगार खात्याच्या मंजुरीची) लांबलचक पायरी लागत नाही, हा मोठाच फायदा. आय-१४० दाखल होईल ती त्यांची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतला नंबर ठरवणारी तारीख. मात्र रांग जन्मदेशानुसार लागते आणि एका देशाला दरवर्षीच्या ग्रीन कार्डांपैकी ७ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे भारतात जन्मलेल्यांना वर्षानुवर्षं थांबावं लागतं. तुमच्या दादांचा जन्म परदेशातला असेल तर त्या देशाची रांग धरता येते, हे वकिलाला नक्की विचारा. मुलं २१ वर्षांच्या जवळ आली असतील तर तेही आत्ताच विचारा.

नंबर आला की डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायचा आणि मुलाखत मुंबईत, बीकेसीच्या अमेरिकी वकिलातीत.

माझ्या ग्रीन कार्डच्या वेळी सगळं अडलं ते जन्मदाखल्यावर. नावाच्या रकान्यात नुसतं ‘मुलगी’! बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली, नंतर नाव घालायला कुणी गेलंच नाही. नगरपालिकेत शाळा सोडल्याचा दाखला आणि आईचं प्रतिज्ञापत्र देऊन नाव चढवून घेतलं, त्यात चार महिने गेले. वहिनींना म्हणावं, आजच कपाटातून दाखला काढा आणि आईवडिलांच्या नावांचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते बघा.