नगरपरिषदेची रिकामी जागा नेमून भरा म्हणे! कोण नेमणार, ठेकेदार?

कापूसकोंड्या
काल मास्तरांनी टाकलेलं वाचलं तवापासून डोकं गरम आहे. त्यायचं म्हणणं असं की जातीचा दाखला तपासणाऱ्या व्हॅलिडिटी कमिटीनं दावा फेटाळला म्हणून आपल्या वॉर्डाचा मेंबर अपात्र झाला, तं आता पोटनिवडणुकीचा खर्च कशाले, उरलेल्या मेंबरांनी बसून एखादा शिकलेला माणूस नेमून टाकावा, अमेरिकेत भाचा राहते त्या सॅन होजेत असंच करतात. मास्तर, हे उरलेले मेंबर कोण हे तुमाले मालूम नाही का? सभापती निवडाच्या वक्ताले यायले गाडीत कोंबून आठ दिवस पचमढीले ठेवलं होतं, मोबाईलसुद्धा काढून घेतले. हे शिकलेला माणूस शोधतीन? हे ठेकेदाराचा साळा शोधतीन.

अन स्वीकृत मेंबरचं, म्हणजे निवडून न येता नेमून घेतलेल्याचं पाहा ना. तो कारभाराची विशेष जाण असलेला माणूस पाहिजे असं कागदावर आहे. आपल्या इथं कोण घेतला? पडलेला उमेदवार. त्याची विशेष जाण म्हणजे दारात जेसीबी उभा आहे. नशीब की घटनेच्या २४३ आर मधी स्वीकृतले मतदानाचा हक्क नाही दिला. तुम्ही नेमसान त्याले तं मतही देसान.

निवृत्त मास्तर
जरा भाषा सांभाळा. मी जे लिहिलं ते माहिती घेऊन लिहिलं. सॅन होजेत एक मेंबर महापौर झाला, दुसरी काउंटीवर, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या मंडळावर, निवडून गेली, म्हणून ८ आणि १० नंबरच्या वॉर्डांच्या जागा जानेवारी २०२३ मध्ये कौन्सिलने अर्ज मागवून भरल्या. काय आभाळ कोसळलं? मी अठ्ठावीस वर्षं इलेक्शन ड्यूटी केली आहे. एका पोटनिवडणुकीत दिवसभरात मतदार आले दोनशे चौदा, आम्ही पाच कर्मचारी अन एक पोलीस माश्या मारत बसलो होतो, संध्याकाळी मसालेभात आला तो गोठलेला.

तुरीचा_दाणा
मास्तर अर्धीच गोष्ट सांगता राजेहो. त्याच सॅन होजेत नोव्हेंबर २०२४ ले ३ नंबरच्या मेंबरनं राजीनामा देला तवा काय केलं? नेमलेला माणूस फक्त मधल्या काळापुरता बसवला अन एप्रिल २०२५ ले निवडणूक घेतली, कोणालेच निम्म्याच्या वर मतं नाही भेटली तं जूनले पुन्हा घेतली. भाच्याले विचारा.

रेती_घाट
तुमचं अमेरिका चालू द्या, पण जागा रिकामी काहून झाली ते कोणीच बोलून नाही रायलं! माह्या वहिनीची मेंबरकी अशीच गेली, २०२१ ची ग्रामपंचायत, ओबीसी महिला जागा, निवडून आली बिचारी अन मुदतीत व्हॅलिडिटी नाही आली. ओबीसीले जात लिहिलेला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा कागद पाहिजे अन तोही माहेरचा. भाऊ शाळेत गेला तं दाखल खारीज रजिस्टरच्या नेमक्या त्या पानाले उदई लागलेली. कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या वहीची, नक्कल काढली तं आजोबाचं नाव नुसतं 'पांड्या', जातीच्या रकान्यात शाईचा डाग. बाबू म्हणे, हा पांड्या तुमचाच कशावरून?

निळी_शाई
तुमच्या वहिनीचं वाईट झालं, मान्य. पण व्हॅलिडिटीलेच शिव्या देऊ नका. आमच्या भागात एसटीच्या जागेवर खोट्या दाखल्यानं एक जण पूर्ण टर्म खाऊन गेला, कमिटीचा निकाल लागला तोवर त्याचा बंगला उभा झाला होता. खरे आदिवासी पोट्टे त्याच्या सेंट्रिंगवर मजुरीले होते.

रेती_घाट
म्हणजे माही वहिनी बोगस? सरळ बोला ना.

निळी_शाई
मी असं कुठं म्हटलं? वाचता येते ना? 'मान्य' लिहून आहे वर.

रेती_घाट
मान्य म्हणाचं अन पुढच्याच वाक्यात बोगसची गोठ काढाची, समजते आम्हाले. डागाचा कागद घेऊन तीन वर्षं एसटीचे धक्के तुम्ही खाल्ले नाही.

निळी_शाई
एसटीचे धक्के आम्हीच खाल्ले भाऊ, बसचेही अन दाखल्याचेही.

तुरीचा_दाणा
भांडा तुम्ही. पण नेमणुकीची एवढी हौस असन तं प्रशासक आठवा. डिसेंबर २०२५ मधी मतदान झालं, त्याच्या आधी चार वर्षं नेमलेलाच माणूस होता ना? आमच्या गल्लीची नाली तुंबली तं अर्ज घेऊन सात वेळा गेलो, साहेब कधी मीटिंगले, कधी दौऱ्यावर. मेंबर कसाही असला तरी सकाळी पानठेल्यावर सापडते, चार लोकांसमोर विचारता येते.

निवृत्त मास्तर
भाच्याशी बोललो. ३ नंबरचं तुम्ही म्हणता तसंच झालं आहे, झालं समाधान? आणि पानठेल्यावर सापडणारा मेंबर नाली काढतो, ही नवीनच माहिती मिळाली, आभारी आहे.

कापूसकोंड्या
काढत नाही, पण पुढच्या इलेक्शनले दारावर येते तवा त्याले ते नाली ओलांडून या लागते. तुमचा नेमलेला कोणाच्या दारावर जाईन?

निवृत्त मास्तर
जाऊ द्या. मी पोटनिवडणुकीच्या दिवशी मत देईन, सावली असली तर. रेतीघाटवाले, वहिनीचं माहेर कोणत्या गावचं? जुन्या शाळा बंद पडल्या तेव्हा त्यांची रजिस्टरं आम्ही लाल फडक्यात बांधून केंद्रशाळेत जमा केली होती. कधी कधी एकाच वर्षाच्या दोन प्रती असायच्या.

रेती_घाट
गाव इथं नाही लिहत मास्तर, इथं सगळेच वाचतात. सोमवारी घरी येतो, भावालेही आणतो.