प्रोटोसीने बनवलेला पायथन कोड चालत नाही. चालला तर सगळ्या बसवर एकच वेळ

रात्रीची_फेरी विचारतात:

उबुंटू २२.०४ आहे. जीटीएफएस-रिअलटाइम फीडमधून (बसची ताजी स्थिती देणारा, प्रोटोबफ या बाइट-स्वरूपातला डेटा) बस कुठे आहे ते वाचायचंय. प्रोटोसी (स्कीमावरून, म्हणजे डेटाच्या रचनेच्या .प्रोटो फाइलवरून, पायथन कोड बनवणारा कंपायलर) उबुंटूच्या एपीटीने टाकला, पायथनची प्रोटोबफ लायब्ररी पिपने (४.२५.३). आज्ञा अशी दिली:

प्रोटोसी --पायथन_आउट=तयार स्कीमा/जीटीएफएस-रिअलटाइम.प्रोटो

१) फाइल 'तयार'मध्ये न येता 'तयार/स्कीमा'मध्ये पडली. इम्पोर्ट केल्यावर 'डिस्क्रिप्टर्स थेट बनवता येत नाहीत' अशा अर्थाची चूक येते.
२) लायब्ररी ३.२० वर उतरवली तर चालतं, पण अधूनमधून डिकोडएरर (बाइट वाचता न आल्याची चूक).
३) दर १० सेकंदांनी आलेला फीड एकाच फाइलच्या शेवटी जोडतो. ती फाइल वाचताना चूक येत नाही, तरी एकच बस शेकडो वेळा दिसते आणि हेडरमधली (फीडच्या सुरुवातीच्या माहितीतली) वेळ फक्त शेवटची.

बाइट_मोजणारा:

पहिल्याचं कारण आवृत्ती. २२.०४ च्या एपीटीत प्रोटोसी ३.१२.४ मिळतो. पायथनच्या ४.x लायब्ररीला ३.१९ किंवा पुढच्या प्रोटोसीने बनवलेला कोड लागतो. चूक आल्यावर दिसणाऱ्या मजकुरातच ते लिहिलेलं असतं, पण लांबलचक असल्याने कोणी शेवटपर्यंत वाचत नाही.

लायब्ररी खाली आणू नका, कंपायलर वर न्या. आकड्यांचा मेळ असा: प्रोटोसी २५.३ ला पायथन ४.२५.३. प्रोटोसी २६ पासून पायथन बाजू ५.२६ अशी चालते, २९ ला ५.२९, ३० ला ६.३०. म्हणजे टिंबानंतरचा आकडा जुळवायचा. गिटहबवरची २५.३ ची झिप उघडा आणि त्यातलं 'बिन' आणि 'इन्क्लूड' दोन्ही ठेवा. 'इन्क्लूड' मागे राहिलं तर टाइमस्टॅम्पसारख्या तयार प्रोटो फाइल इम्पोर्ट करणाऱ्या स्कीमा अडतात. तुमची ही स्कीमा तसलं काही मागत नाही, पण पुढची मागेल.

मग प्रोटोसी --व्हर्जन देऊन बघा. जुना /यूएसआर/बिनमध्ये तसाच असतो आणि पाथमध्ये (आज्ञा शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) तोच आधी सापडला तर मेहनत वाया. उलट टोकाची चूकही ओळखून ठेवा: 'बिल्डर' इम्पोर्ट होत नाही असं आलं तर कोड ३.२० किंवा पुढचा आणि लायब्ररी त्याहून जुनी.

फोल्डरचं: प्रोटो फाइलचा मार्ग -आय ने दिलेल्या मुळापासून मोजला जातो आणि आउटपुटमध्ये तोच मार्ग उमटतो. -आय दिलाच नाही तर मूळ म्हणजे चालू फोल्डर. म्हणून:

प्रोटोसी -आय स्कीमा --पायथन_आउट=तयार जीटीएफएस-रिअलटाइम.प्रोटो

'तयार' फोल्डर आधी करून ठेवा, प्रोटोसी तो करत नाही. नावातली आडवी रेघ पायथनमध्ये खालची रेघ होते, तेव्हा गोंधळू नका: फाइल जीटीएफएस_रिअलटाइम_पीबी२.पीवाय या नावाने येईल.

स्टॉप_क्रमांक_९:

डिकोडएररसाठी पायथन बाजूला ठेवा आणि आलेल्या फाइलचे पहिले काही बाइट हेक्समध्ये बघा. खरा फीड ०ए ने सुरू होतो (क्षेत्र १, वायर प्रकार २ म्हणजे आधी लांबी सांगून येणारे बाइट: १ ला तीन बिट डावीकडे सरकवून त्यात २). हेडरमध्ये आवृत्ती २.०, इन्क्रिमेंटॅलिटी (फीड पूर्ण आहे की फक्त बदल) आणि वेळ असे तिन्ही असतील तर सुरुवात ०ए ०डी ०ए ०३ ३२ २ई ३० अशी दिसते. ०डी म्हणजे १३ बाइटांचं हेडर: ५ आवृत्तीचे, २ इन्क्रिमेंटॅलिटीचे, ६ वेळेचे. १एफ ८बी दिसलं तर जीझिपने दाबलेला फीड न उलगडता साठवलाय. ३सी दिसलं तर तो '<', म्हणजे सर्व्हरने एचटीएमएलचं पान पाठवलंय. बहुतेक वेळा फीड मागायची की (परवानगीचा कोड) चुकलेली असते किंवा विनंत्यांची मर्यादा ओलांडलेली. स्टेटस कोड २०० आहे का ते तपासल्याशिवाय पार्स करूच नका. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी वापरत असाल तर .कंटेंट (कच्चे बाइट) घ्या, .टेक्स्ट नको.

स्कीमाविना झटपट बघायला:

प्रोटोसी --डिकोड_रॉ < फीड.पीबी

यात क्षेत्रांची नावं नसतात, फ्लोट हेक्समध्ये दिसतात. नावांसकट हवं तर --डिकोड=ट्रान्झिट_रिअलटाइम.फीडमेसेज आणि सोबत -आय व प्रोटो फाइल.

तिसरं मात्र तुमच्याच जोडण्यामुळे. प्रोटोबफमध्ये संदेश कुठे संपला याची खूणच नसते. दोन संदेश एकामागे एक ठेवले की पार्सर त्यांना एकच समजतो: रिपीटेड (अनेकदा येऊ शकणारी) क्षेत्रं एकापुढे एक जमतात, एकेरी मूल्यांपैकी शेवटचं टिकतं. एन्टिटी (इथे एकेका बसची नोंद) रिपीटेड, म्हणून बसचा ढीग. वेळ एकेरी, म्हणून शेवटची. हे ठरवून ठेवलेलं वागणं आहे, म्हणून चूक येत नाही. प्रत्येक फीडआधी ४ बाइटांत लांबी लिहा, वाचताना तेवढेच बाइट उचला. शिवाय हेडरची वेळ मागच्याइतकीच असेल तर साठवू नका, सर्व्हरने अजून नवा फीड काढलेला नसतो.

कामापुरतं:

एवढं कशाला? पिपवर जीटीएफएस-रिअलटाइम-बाइंडिंग्ज आहे, कोड बनवूनच मिळतो.

बाइट_मोजणारा:

नुसता वाचायचा असेल तर तेच घ्या. पण फीड देणाऱ्याने स्वतःची क्षेत्रं घातली असतील (१००० ते १९९९, किंवा खासगी वापराची ९००० ते ९९९९) तर त्यांची प्रोटो फाइल जोडून स्वतःच कंपाइल करावं लागतं.

रात्रीची_फेरी:

२५.३ टाकला, कोड इम्पोर्ट झाला. जोडलेली जुनी फाइल टाकून दिली. आता अक्षांश १८.५२ ऐवजी १८.५२००००४५७७६३६७२ छापतोय.

स्टॉप_क्रमांक_९:

पोझिशनमधले अक्षांश-रेखांश ३२ बिटी फ्लोट आहेत आणि पायथन ते ६४ बिटांत दाखवतो. १८.५२ च्या आसपास फ्लोटचा एक टप्पा साधारण २० सेंटिमीटरचा, ७३.८ रेखांशाशी साधारण ८० सेंटिमीटरचा. बस शोधायला पुष्कळ. ६ दशांशांवर गोल करा. आणि स्पीड मीटर प्रति सेकंद आहे, किमी प्रति तास हवा तर ३.६ ने गुणा.