अंधारातलं रोलर कोस्टर : बसला असाल तर अनुभव सांगा

वांगीभात

दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरला चाललोय. मी, नवरा, आठ वर्षांचे चिरंजीव आणि सासूबाई (वय ६४, बीपीची गोळी चालू, उत्साह माझ्या दुप्पट). सेंटोसाच्या युनिव्हर्सल स्टुडिओजचं एका दिवसाचं तिकीट काढलंय आणि चिरंजीवांनी तिथल्या 'रिव्हेंज ऑफ द ममी' या रोलर कोस्टरचा धोशा लावलाय. ते सगळं बंद इमारतीत, अंधारात आहे म्हणे.

माझी या बाबतीतली शिदोरी एवढीच : काही वर्षांपूर्वी ऑफिसच्या सहलीत खोपोलीच्या इमॅजिकाला गेले होते. तिथलं 'नायट्रो' उघड्यावरचं, पाय अधांतरी लोंबकळतात, वेग ताशी १०० किमीच्या आसपास. खालून बघूनच माझं पाणी पाणी झालं होतं, पण बसले आणि हसत उतरले. मग कोणीतरी म्हणालं, आता 'डीप स्पेस' कर, ते छोटं आहे, आत एसी पण आहे. एसीच्या लोभाने गेले. आत काळाकुट्ट अंधार, गाडी एकदम सुटली आणि त्यानंतरचं मला काही सांगता येणार नाही, कारण काही दिसलंच नाही! नायट्रोवर पुढचा उतार दिसायचा, तेव्हा दात-ओठ आवळून तयार राहता यायचं. इथे उजवीकडे वळेल म्हणून कललं की गाडी डावीकडे. उतरल्यावर मैत्रिणीने विचारलं, किती वेळ होतं गं? मी म्हटलं पाच मिनिटं. फार तर दीड असेल.

तर ज्यांनी असली बंदिस्त कोस्टर्स केली आहेत त्यांनी खरं खरं लिहा. 'खूप मज्जा आली' एवढंच नको. नेमकं काय होतं, मुलाला न्यावं का, सासूबाईंना कसं थोपवावं, सगळं चालेल.

फ्लोरिडाकर

ऑर्लँडोत बारा वर्षं झाली. पाहुणे आले की डिस्नेचं मॅजिक किंगडम पार्क ठरलेलं, त्यामुळे तिथलं 'स्पेस माउंटन' हे अंधारातलं कोस्टर किती वेळा केलं याचा हिशोब सोडून दिलाय. १९७५ सालचं आहे, म्हणजे माझ्याहून म्हातारं. नवख्या पाहुण्याला मी बाहेर आल्यावर एक प्रश्न नेहमी विचारतो : वेग किती असेल? उत्तरं ८० पासून १२० पर्यंत येतात. खरा वेग ताशी ४५ किमीच्या आसपास. घोडबंदर रोडवर स्कूटी याहून जोरात जाते. पण स्कूटीवर तुम्हाला रस्ता दिसतो. इथे डोक्यावर चांदण्या फिरतात, तोंडावर वारा, आणि रूळ पुढे कुठे जातोय याचा पत्ता नाही. तुमच्या डीप स्पेसचं गणित तेच.

एक गोष्ट आधी कुणी सांगत नाही. इथे सीटा एकामागे एक आहेत, शेजारी शेजारी नाहीत. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडच्या स्पेस माउंटनमध्ये (ते १९७७ चं) दोघं जवळ बसतात. भाचीला घेऊन गेलो तेव्हा 'मामा, हात धरशील ना?' असं चारदा कबूल करून घेतलं होतं तिने. फलाटावर आलो आणि लक्षात आलं, हात कुठून धरणार? ती पुढे, मी मागे. अख्खा वेळ 'मी आहे गं, मी आहे' असं ओरडत होतो. तिला काही ऐकू आलं नाही. बाजूच्या रॉकेटमधल्या गोऱ्याला मात्र आलं असावं.

ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी एक युक्ती. शेजारीच 'पीपलमूव्हर' नावाची अगदी संथ गाडी आहे, आजी-आजोबा पाय दुखले की त्यात बसतात. ती स्पेस माउंटनच्या पोटातून जाते. अंधार कसला आहे, किंकाळ्या किती आहेत, सगळं फुकटात कळतं. एकदा आमचं नशीब जोरावर होतं. कोस्टर बंद होतं आणि आत कामाचे दिवे लागले होते. वर-खाली, आडवे-तिडवे रूळ असे गच्च की सुताराच्या दुकानातली फळकुटं वाटावीत. ते बघून बायको म्हणाली, दिवे लावून चालवलं तर मी कधीच बसणार नाही. तेव्हापासून मला वाटतं, अंधार भीती दाखवतो तसा थोडी झाकतोही.

निवृत्त_सिग्नलवाला

मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात ३४ वर्षं काढली. मुलगी आखातात असते, तिच्याकडे गेलो असताना तिथल्या एका बंदिस्त पार्कात जावयाने हट्टाने बसवलं. पार्कचं नाव लिहीत नाही, कारण गाडी मध्येच बंद पडली.

झालं असं की चढ संपला, एक गिरकी झाली, आणि पुढच्या सपाट तुकड्यावर गाडी चक्क उभी. अंधार. मग पांढरे दिवे लागले. लोक घाबरले, एक बाई रडायला लागल्या. मी मात्र आयुष्यात पहिल्यांदा त्या गाडीत निवांत झालो, कारण मला कळलं की सिग्नल पडलाय! ही कोस्टर्स आपल्या लोहमार्गासारखीच ब्लॉकवर चालतात. रुळाचे तुकडे पाडलेले असतात. एका तुकड्यात एका वेळी एकच गाडी. पुढचा तुकडा मोकळा झाल्याचं सेन्सरने कळवलं नाही तर मागच्या गाडीला ब्रेक लागतो आणि ती तिथेच थांबते. पुढे फलाटावर कुणाचा पट्टा नीट लागला नाही, कुणी उतरायला वेळ लावला, एवढंसुद्धा कारण पुरतं. म्हणजे गाडी थांबली याचा अर्थ यंत्रणा बिघडली असा नसून बहुतेक वेळा ती आपलं काम करते आहे असा असतो. आमच्या खात्यात हे प्रवाशांना समजावता समजावता जन्म गेला.

आणखी दोन गोष्टी. चढावर जी कट-कट-कट ऐकू येते ती साखळीची नसते, गाडी मागे घसरू नये म्हणून लावलेल्या खटक्यांची असते. तो आवाज येतोय तोवर निश्चिंत बसावं. आणि चाकं फक्त रुळावर नसतात. बाजूने असतात, रुळाच्या खालूनही असतात, तिन्हीकडून कवळा घातलेला असतो. म्हणून उलटी झाली तरी गाडी रूळ सोडत नाही. चढून गेल्यावर बहुतेक गाड्यांना इंजिन वगैरे काही नाही, आपल्याच वजनाने पळतात.

आमची बारा मिनिटांनी सुटली. पुढची मजा अर्थातच गेली होती, दिवे चालूच होते.

वांगीभात

काका, हे वाचून नवऱ्याला एवढा आनंद झालाय की तो आता चिरंजीवांना ब्लॉक सेक्शन शिकवतोय.

पिशव्या_सांभाळणारी

मी बसत नाही. मी बाकावर सर्वांच्या पिशव्या घेऊन बसते, म्हणून मला काय काय हरवतं ते उत्तम माहीत आहे. लिहून घ्या.

चष्मा. अंधारात पडला तर गेला. एका पार्कात (नाव नको) माझ्या दिराचा पडला. मिळाला दुसऱ्या दिवशी, एका काचेसह. दोरी लावा नाहीतर काढून ठेवा, तसंही आत दिसत काय? मंगळसूत्र आत टाका किंवा काढून पर्समध्ये, ओढणी घरीच. साडी नेसून काही गाड्यांवर घेतच नाहीत. केसांना मागे क्लचर असेल तर डोकं मागे टेकल्यावर तो टोचतो, रबर लावा. वरच्या खिशात फोन ठेवणाऱ्या पुरुषांबद्दल मी काही बोलणार नाही.

आणि वेळ. रांगेत पन्नास मिनिटं, गाडीत दोन. मुलांना आधी शू करवून आणा. हे मी दोन वेळा विसरले आहे.

जर्सीकर

थोडा वेगळा सूर लावतो. बंदिस्त म्हणजे अंधारच असं नाही. आमच्याकडे ईस्ट रदरफर्डला अमेरिकन ड्रीम मॉलमध्ये निकेलोडियनचं पार्क आहे, २०१९ ला सुरू झालं. काचेचं छत, लख्ख उजेड. तिथलं 'शेलरेझर' सरळ उभं चढतं आणि मग १२१.५ अंशांत खाली येतं. ९० अंश म्हणजे भिंत. हे भिंतीच्याही आत वळतं. वर नेऊन कड्यावर क्षणभर थांबवतात, पुढे काहीच नाही आणि तुम्ही पट्ट्यावर लटकलेले. पोटात गोळा येतो हा वाक्प्रचार ज्याने काढला त्याला हे आधीच माहीत होतं बहुतेक. गोळा येतो म्हणजे काय, तर शरीर खाली पडतं तेव्हा सीट आपल्याला वर ढकलायची थांबते, आतली आतडी-जठर हलकी होतात, आणि मेंदूला ती वर आल्यासारखी वाटतात.

फायदा म्हणाल तर जानेवारीत. बाहेर गुडघाभर बर्फ, आत टी-शर्ट. रविवारी खरेदीचे मनसुबे असतील तर आधी चौकशी करा, हा मॉल ज्या बर्गन काउंटीत आहे तिथे रविवारी कपड्यांची वगैरे दुकानं बंद ठेवायचा जुना कायदा आहे. माझ्यासारख्या नवऱ्यांना तो आवडतो.

कोथरूडचा_भाऊ

पॅरिसच्या डिस्नेलँडमधलं कोस्टर केलंय. अंधारात तीनदा उलटं. उतरून क्रोसाँ खाल्ला, ती चूक होती.

गोट्या_सिनियर

@वांगीभात, तुमच्याच ममीत दोनदा बसलोय, २०१७ आणि गेल्या वर्षी. मुद्द्याचं लिहितो. पुढे थोडं रहस्य फुटेल, नको असेल तर परिच्छेद सोडा.

रांगच आधी अंधाऱ्या थडग्यातून जाते, लहान मुलं तिथेच बिचकतात. सुरुवात कोस्टरसारखी नाही. गाडी हळूहळू भुताच्या घरातून फिरवतात, पुतळे बोलतात, तुम्ही म्हणता, हात्तिच्या, एवढंच? मग गाडी थांबते आणि मागे जाते. अंधारात, उलटी, जोरात. माझ्या मते सगळ्या राइडचा जीव त्या मागे जाण्यात आहे. पुढे पडताना निदान वारा तोंडावर येतो, दिशा कळते. पाठमोरं जाताना तेही नाही. नंतर पुढच्या दिशेला वेग आहे, वळणं आहेत, पण गाडी कुठेही पूर्ण उलटी होत नाही. सासूबाईंना हे सांगा, किंवा सांगू नका.

उंची १२२ सेंमी लागते. काठी लावून मोजतात, एक सेंमीची सूट नाही. बाटली, टोपी, फोन सगळं लॉकरमध्ये. ठरावीक वेळेपर्यंत लॉकर फुकट, रांग लांबली तर पैसे पडतात. एकटं बसायची तयारी असेल तर 'सिंगल रायडर'ची वेगळी रांग लावा, निम्म्याहून कमी वेळात आत. आमचं कुटुंब असं चार वेगळ्या गाड्यांतून ओरडत गेलं.

शेवटची सीट मागा असं सगळे सांगतात. खरं आहे, मागचा डबा माथ्यावरून ओढला जातो त्यामुळे झटका जास्त. मान दुखत असेल तर मधलं बरं. डोकं सीटला टेकवून ठेवा. अंधारात मान ढिली सोडलेला माणूस वळणावर कान आपटून घेतो. स्वानुभव.

अर्धी_गोळी

मला एसटीच्या मागच्या सीटवरही उलटी होते, तरी मी दोन अंधारी कोस्टर्स पचवली आहेत. गंमत म्हणजे मला पडद्यावरच्या हलत्या खुर्च्यांचा त्रास कितीतरी जास्त होतो. तिथे डोळे सांगतात आपण उडतोय, कान सांगतात आपण जागेवरच आहोत, आणि दोघांच्या भांडणात पोट मरतं. काळोखात डोळ्यांना भांडायला काही मिळत नाही. हे माझ्यापुरतं, सगळ्यांचं असंच असेल असं नाही. उपाशी जाऊ नका, भरल्या पोटीही नको. गोळी घ्यायची तर बसायच्या आधी तासभर, रांगेत घेऊन उपयोग नाही, आणि झोप येते.

बीपीबद्दल : दारातल्या फलकावर हृदयविकार, रक्तदाब, पाठीचं-मानेचं दुखणं आणि गरोदर बायका यांना नको असं लिहिलेलं असतं. धाग्यावर विचारू नका, डॉक्टरांना विचारा. आणि एक, गाडीत चढायच्या अगदी आधी परत फिरायचं दार असतं. सर्रास लोक फिरतात. तिथले कर्मचारी हसत नाहीत, रोजचंच आहे त्यांना.

वांगीभात

परत आलो. सगळ्यांना धन्यवाद, आता हिशोब देते.

डॉक्टरांनी सासूबाईंना सपशेल नाही सांगितलं. त्यांनी ते निमूट ऐकलं, आणि तिथे गेल्यावर 'मी फक्त रांग बघते, ती इजिप्तची सजावट' म्हणून माझ्याबरोबर शेवटपर्यंत आल्या. परत फिरायचं दार खरंच आहे. मी बसले. गोट्या सिनियर, रहस्य वाचूनही मागे जाताना किंचाळले. नवऱ्याने मोजून पाहिलं म्हणे, ब्लॉक किती ते. कळले नाहीत.

चिरंजीव १२० भरले. जाड तळव्यांचे बूट घालून नेलं होतं, त्या मुलीने हसून बूट काढायला लावले, मग ११८. बाहेर आजीबरोबर आइस्क्रीम खात पाऊण तास बसून होता, आमच्याशी बोलला नाही. घरी आल्यावर बेडरूमच्या दाराच्या चौकटीवर १२२ वर पेन्सिलीने रेघ मारलीय. दर रविवारी आंघोळीआधी टाच टेकवून उभा राहतो.