विघ्नहर्ता ठीक आहे, पण विघ्नकर्ता कुठे गेला?

उंदीरमामा
गणपती जवळ आले की 'बाप्पाची नावं आणि त्यांचे अर्थ' हा मेसेज फिरायला लागतो. विनायक, विघ्नेश, विघ्नराज, सगळ्यांपुढे एकच अर्थ चिकटवलेला, 'संकटं दूर करणारा'. अहो, विघ्नराज म्हणजे विघ्नांचा राजा, त्यात 'दूर करणारा' आला कुठून? याज्ञवल्क्यस्मृतीत स्वच्छ लिहिलंय की कामांत विघ्न यावं म्हणून रुद्राने आणि ब्रह्मदेवाने विनायकाला गणांचा अधिपती नेमलं. मानवगृह्यसूत्रात, म्हणजे घरगुती विधींच्या जुन्या ग्रंथात, तर विनायक एक नाहीच, चार आहेत, शालकटंकट, कूष्मांडराजपुत्र अशी भारी नावं, आणि ते माणसाला धरतात, मग राजपुत्राला राज्य मिळत नाही, मुलीचं लग्न जमत नाही, शेतकऱ्याची शेती पिकत नाही, स्वप्नात उंट आणि डुकरं दिसतात. त्यांची शांत करून सुटका करून घ्यायची. अर्थ सांगायचाच तर हाही सांगा ना, देव एवढा गुळगुळीत कशाला करायचा?

ओवीवाली
जुनं सापडलं म्हणजे तोच खरा अर्थ, हे कुणी ठरवलं? अथर्वशीर्षाच्या शेवटी 'विघ्ननाशिने शिवसुताय' आहे, ते घराघरात म्हटलं जातं. गृह्यसूत्रातले विनायक कुणाच्या देव्हाऱ्यात आहेत? नावाला अर्थ देतात ते नाव घेणारे. ज्ञानेश्वरीची सुरुवात बघा, माऊलींनी गणेशाचा एकेक अवयव घेऊन त्यात अख्खं वाङ्मय बसवलंय, सोंड म्हणजे विवेक, आणि हातातला तुटका दात म्हणजे खंडन झालेलं बौद्धमत. परशुरामाच्या परशूने दात तुटला ही गोष्ट तिथे येतच नाही. मुद्गलपुराण हे गणपतीचंच पुराण, त्यात तर एकदंतातला 'एक' म्हणजे माया आणि 'दंत' म्हणजे ती चालवणारा. आता हे सगळे चूक का?

उंदीरमामा
चूक कुठे म्हणालो मी? ते अर्थ नंतर रचलेले आहेत, आणि सुंदर आहेत. पण 'नंतर रचलेला' हे सांगायला काय हरकत आहे?

सुटी मात्रा
दोघंही उगाच भांडताय. 'ईश' आणि 'राज' म्हणजे ज्याची सत्ता चालते तो. नरेश काय माणसं तयार करतो का? विघ्नं ज्याच्या ताब्यात तो विघ्नेश, बस. आणायची की थांबवायची ते त्याच्या मर्जीवर. सोसायटीचा वॉचमन समजा, गेट उघडतोही तोच आणि अडवतोही तोच, शिवाय पार्वतीच्या दारावर पहारा द्यायचं काम होतंच की त्याच्याकडे.

उंदीरमामा
मग झालं की माझंच म्हणणं सिद्ध! तो अडवतो हे मान्य केलंत. रांजणगावची कथा घ्या, त्रिपुरासुराशी लढायला निघताना खुद्द शंकर गणपतीला नमन करायला विसरले म्हणून त्यांना यश येईना. बापाला सोडलं नाही तिथे आपण कोण? लग्नाची पहिली पत्रिका त्याच्यापुढे ठेवतो ती काय नुसत्या प्रेमापोटी?

जुन्नरी
ओझर आमच्या तालुक्यात, म्हणून बोलतो. तिथला विघ्नेश्वर विघ्नासुराला हरवून झालेला आहे. अभिनंदन राजाचा यज्ञ मोडायला इंद्राने त्या असुराला पाठवलं, गणपतीने त्याला शरण आणलं, आणि त्याने मागितलं की तुझ्या नावाआधी माझं नाव घेतलं जावं. म्हणून विघ्न+ईश्वर. म्हणजे विघ्न करणारा वेगळा आणि देव वेगळा. तुमच्या थिअरीत हे बसवून दाखवा.

उंदीरमामा
बसतं की. त्या असुराला अट काय घातली? जिथे माझी पूजा होते तिथे जायचं नाही. म्हणजे बाकीकडे जायला मोकळा! आधी एकाच देवात असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या, वाईट ती असुराच्या गळ्यात घातली आणि चांगली देवाकडे ठेवली, पण त्याचं नाव काही सुटलं नाही.

जुन्नरी
हे तुमचं कल्पित आहे. 'वेगळ्या काढल्या' याला पुरावा काय? अष्टविनायकांतली नावं काय सगळी अशी गूढ नाहीत हो, पालीचा बल्लाळेश्वर तर बल्लाळ नावाच्या भक्ताचं नाव लावून बसलाय, तिथे कुठला अर्थ उकरणार?

खिरापत
कुणी वामनपुराणातला विनायक घेतलाच नाही? तिथे शंकर पार्वतीला म्हणतात, नायकाविना म्हणजे माझ्याविना तुला मुलगा झाला म्हणून हा वि-नायक. विघ्नाचा संबंधच नाही. आपल्याकडे मात्र सगळे 'विशिष्ट नायक' लिहून मोकळे होतात. मला तर हीच कथा सगळ्यात आवडते, आईने एकटीने घडवलेला मुलगा आणि त्याच्या नावातच ते आलंय.

भाविक९
सणाच्या तोंडावरच बरं सुचतं तुम्हाला हे. आरतीत काय म्हणतो आपण? 'वार्ता विघ्नाची नुरवी'. विषय संपला.

उंदीरमामा
आरती झाली की 'प्रणम्य शिरसा देवं' म्हणता का? त्यात सातवं नाव विघ्नराज आहे, आणि त्याच्या आधी सहावं विकट. मला आलेल्या यादीत विकट गाळलेलंच होतं.

ओवीवाली
गाळलं असेल, पण मुद्गलपुराणात विकट हा कामासुराला जिंकणारा अवतार आहे. म्हणजे तुमच्या भीतीदायक नावाचाही अर्थ शेवटी तोच, हरणारा :)

उंदीरमामा
पुन्हा असुर आणलात! जुन्नरी, हे बघा, हाच पुरावा.