'रांडेच्या' ही शिवी की लाडाचा शब्द? लेकराला काय सांगायचं?

मांजराकाठची
नमस्कार. केज तालुक्यातून लिहायलेय. सोयाबीनची रास चालू होती तेव्हाची गोष्ट आहे. मशीनचा पट्टा निसटला आणि माझे चुलत दीर आमच्या ह्यांना ओरडले, "रांडेच्या, धर की नीट!" हे हसले, पट्टा धरला, काम पुढं चालू. आमच्याकडं दिवसातून पन्नास वेळा हा शब्द ऐकू येतो, कुणी मान वर करून बघत नाही. पण त्याच वेळी माझ्या सासूबाई भाकरीचं गाठोडं घेऊन बांधावर आल्या होत्या आणि सासरे 2009 मधेच वारलेत. म्हणजे आमचे हे खरोखरच त्या शब्दाचा जो अर्थ आहे ते आहेत, विधवेचा मुलगा. हे माझ्या डोक्यात त्या दिवशी पहिल्यांदा आलं, सोळा वर्षं ह्या घरात राहून.

रात्री जेवताना माझा मोठा, वय 9, धाकट्याला म्हणला "रांडेच्या, माझी भाकर कशाला घेतली". सासूबाई पिठलं वाढत होत्या, पळी तशीच ताटावर धरून थांबल्या, मग काही न बोलता पाणी आणायला उठल्या, आणि पाण्याचा तांब्या तर समोरच भरलेला होता. मी पोराला एक चापट दिली, तर तो रडत म्हणला काका म्हणतात तेव्हा सगळे हसतात मग मलाच का मारती. ह्याचं उत्तर मला देता आलं नाही.

नंतर मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणल्या, "आता सवय झाली गं. पण तुझे सासरे गेले तेव्हा तेराव्याच्या आत एका बाईनं मला हाच शब्द तोंडावर म्हणला होता, तेव्हा काही लाडानं म्हणली नव्हती."

आता नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावानं नोव्हेंबर 2024 मधे ग्रामसभेत ठराव केला, आईबहिणीवरून शिवी दिली की 500 रुपये दंड. आमच्या बचत गटातल्या बायका म्हणतात 26 जानेवारीच्या ग्रामसभेत आपणही मांडू. घरचे म्हणतात गाव हसंल. तुम्हाला काय वाटतं, खरं सांगा.

राशीवरचा_माणूस
ताई राग मानू नका, मी तुमच्या वडलांच्या वयाचा आहे, औसा तालुका. आमच्याकडं ह्या शब्दातला अर्थ कधीच मेलाय. माझा एक मैतर आहे चाळीस वर्षांचा, तो मला ह्याच शब्दानं हाक मारतो, उद्या तो "या साहेब, बसा" म्हणला तर मला वाटंल ह्याचं काहीतरी बिनसलं माझ्यावर. बोलण्यात जीव असावा लागतो, नुसतं गोड बोलणारा मनात काय धरून बसलाय ते कळत नाही. शिमग्याला तर आमच्या लहानपणी गावभर शिव्याच असायच्या आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या मनात काही नसायचं. बोलणाऱ्याचा हेतू बघा एवढंच माझं म्हणणं.

आणि दंडाचं म्हणाल तर तो कुणाला लागणार ते आधी बघा. सालगड्याच्या तोंडून निघालं की 500 रुपये, म्हणजे त्याची दिवसभराची हजेरी गेली. पुढारी पारावर बसून तेच बोलला तर पावती कोण फाडणार? माझ्या गावात तरी कुणी फाडणार नाही.

पालावरचा
काका, दंडाचं तुमचं पटलं. पण अर्थ मेला हे पटलं नाही. मी पारधी आहे. आमच्या शेजारच्या वस्तीत अजून लेकरं झोपत नसली की "गप पड, पारधी येईल" म्हणतात. म्हणणाऱ्या मायमाऊलीचा हेतू काय असतो? लेकरू झोपावं एवढाच, माझं वाईट व्हावं असं तिच्या ध्यानीमनी पण नसतं. आणि तेच लेकरू पुढं शाळेत माझ्या बाकावर बसायला तयार नव्हतं. वर्गात कुणाचा पेन हरवला की पहिलं दप्तर माझं उघडायचं, कुणी चोर म्हणायचं नाही, नुसतं सगळे माझ्याकडं बघायचे.

इंग्रजांनी 1871 मधे कायदा करून जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. आपला भाग निजामाकडं होता पण शिक्का इकडंही तोच बसला. स्वतंत्र भारतात 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला आणि 'विमुक्त' शब्द आला, त्याला सत्तर वर्षं होऊन गेली. सरकारी कागदावरचा शब्द बदलला, झोपवताना म्हणायचा नाही बदलला. आणि गंमत म्हणून नाही सांगत, पारधी हेच नाव आम्ही घरात अभिमानानं घेतो, आजी शिकारीच्या गोष्टी सांगायची तेव्हा त्या नावानं छाती फुगायची. त्यामुळं शब्दावरच बंदी घाला असं मी म्हणणार नाही, माझं नावच जाईल त्यात. पण शब्द लागला का नाही हे म्हणणाऱ्यानं नाही ठरवायचं, ज्याला म्हणलं त्याला विचारा. ताईंच्या सासूला सोळा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

वकील_अंबाजोगाई
कायद्याचं थोडक्यात. ग्रामसभेचा ठराव म्हणजे गावानं एकमेकांना दिलेला शब्द, कुणी 500 रुपये दिले नाहीत तर पोलीस काही वसुलीला येणार नाहीत. बाईचा अपमान करायच्या हेतूनं शब्द वापरला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 79 आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला चारचौघांत जातीवरून शिवीगाळ केली तर 1989 चा ॲट्रॉसिटीचा कायदा आहे, पण ते लोकांच्या समोर घडलेलं असावं लागतं, घराच्या चार भिंतीत दुसरं कुणी नसताना बोललं तर ते कलम लागत नाही असं सुप्रीम कोर्टानं 2020 मधे सांगितलंय. मशीनवर चुलतभावाला मारलेल्या हाकेला कुठलंच कलम नाही. तसंच 2020 च्या डिसेंबरात राज्य सरकारनं वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचं ठरवलं, कागदावर समतानगर, भीमनगर झालं, पण माझ्याकडं येणारे पक्षकार पत्ता सांगताना अजून जुनंच नाव सांगतात आणि मग माझ्याकडं बघून थांबतात. ते थांबणं नवीन आहे, आधी तेही नव्हतं.

कळंबची_एकल
मी स्वतः त्या शब्दातली आहे म्हणून लिहिते. 2016 मधे मालकांनी फवारणीचं औषध घेतलं, माझं वय 27. रांड म्हणजे मुळात विधवाच, संस्कृतातल्या रंडा वरून आलेला शब्द. म्हणजे बाईचा नवरा मेला हीच तिची शिवी करून टाकली आणि मग ती तिच्या पोरालाही लावली, बापाविना वाढतोय ह्याचाही त्याला टोमणा. रंडकी, पांढऱ्या पायाची, सगळं ऐकलंय मी. बँकेत माझा फॉर्म हातात धरून साहेब अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडले, "ती विधवा बाई कुठं गेली?" ह्यात शिवी एकही नाही, तरी माझे पाय जागेवरून हलेनात.

2023 मधे विधवा ऐवजी 'गंगा भागीरथी' म्हणायचा प्रस्ताव सरकारमधून आला होता, आम्हा बायकांना तो अजिबात आवडला नाही. एवढं पवित्र कुणाला व्हायचंय? कपाळाला कुंकू लावलं तर चालतं का तेवढं सांगा. हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे 2022 मधे कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला ते बघून मी परत टिकली लावायला लागले. आम्ही स्वतःला एकल म्हणतो, ते आमचं आम्ही निवडलंय.

ताई, लेकराला मारू नका. आमच्या गटात आम्ही काय करतो, कुणी "रांडेच्या" म्हणलं की त्याला सांगतो, "त्याच्या आईला नाव आहे, ते घे." सखूच्या म्हण, शांताच्या म्हण. मैतरकी पण राहते आणि हाक पण तेवढीच जोरात बसते. पहिले दोन दिवस बाप्ये चिडतात. पण आईचं नाव तोंडात आलं की पुढचं वाईट बोलवत नाही, हे मी डोळ्यानं बघितलंय. काकांनाही हात जोडून सांगते, एकदा मैतराला त्याच्या आईच्या नावानं हाक मारून बघा.

राशीवरचा_माणूस
त्याच्या आईच्या हातचं मी पोटभर जेवलोय. प्रयागबाई नाव होतं. चाळीस वर्षांत हे ध्यानात आलं नाही बघा.

मांजराकाठची
सगळ्यांचे आभार, उशिरा लिहायलेय, तुरीची रास होती. ग्रामसभेत आम्ही अकराजणी उभ्या राहिलो, दंडाचं काढून टाकलं, नुसता ठराव ठेवला. काही लोक हसले. सरपंच म्हणले पुढच्या सभेत बघू.

पण राशीवर एक झालं. कळंबच्या ताईंचं मी चुलत दिरांना आधीच सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी पोतं घसरलं, ते सवयीनं "रांड" पर्यंत आले आणि थांबले, मग जोरात ओरडले, "काशीच्या, धर की!"

सासूबाई बांधावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. काशीबाई नाव त्यांचं. सासरे गेल्यापासून त्यांना सगळे आई, काकू, म्हातारी म्हणतात. त्या तिकडूनच ओरडल्या, "काय रे? कशाला हाक मारली?"

ह्यांनी पोतं खाली ठेवलं. म्हणले, "काही नाही माय, तुझं नाव घेतलं."