जुन्या लॅपटॉपचं वायफाय सारखं सुटतंय? तुमचे अनुभव लिहा

माझ्या लॅपटॉपला नऊ वर्षं झाली. बाकी सगळं ठणठणीत, पण दर वीस-पंचवीस मिनिटांनी वायफाय सुटतं. शेजारीच ठेवलेल्या फोनवर मात्र नेट चालू असतं. "जुना झाला, नवा घे" असं सगळे म्हणतात. पण नुसत्या नेटपायी चालतं मशीन टाकून द्यायला मन धजत नाही. ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी दोष नेमका कसा सापडला ते लिहा. जे करून काहीच फरक पडला नाही, तेही लिहा.

*

फोनवर चालतंय म्हणजे अर्धं निदान झालंच. उरलेलं पिंगने करा, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघा. कमांड प्रॉम्प्टच्या (विंडोजमध्ये आज्ञा टाइप करायची जागा) दोन खिडक्या उघडायच्या. एकीत राउटरचा पत्ता पिंग करायचा (बऱ्याच ठिकाणी १९२.१६८.१.१, आयपीकॉन्फिग टाइप केलं की 'डीफॉल्ट गेटवे'समोर दिसतो), दुसरीत ८.८.८.८ (हा इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर). शेवटी डॅश टी लावला की आपण थांबवेपर्यंत पिंग चालू राहतं. नेट गेलं की बघायचं. दोन्हीकडून उत्तर थांबलं तर लॅपटॉप आणि राउटर यांच्यातच तुटतंय. राउटर उत्तर देतोय, ८.८.८.८ गप्प आहे, तर दोष राउटरच्या पुढे. दोन्ही चालू, तरी साइट उघडत नाहीत, तर डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून बघा. मी हे न करता तीन महिने लाइनच्या तक्रारी नोंदवत बसलो. बिघाड लॅपटॉपच्या वायफाय कार्डात होता.

*

आमच्याकडे वीज बचतीची सेटिंग नडत होती. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडल्या. तिथे 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये वीज वाचवायला हे कार्ड बंद करायची मुभा देणारी टिक असते, ती काढली. तेव्हापासून एकदाही गेलं नाही. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट झाला की मात्र ती टिक परत आली नाही ना, हे मी आवर्जून बघते.

*

ड्रायव्हर पाच वेळा टाकला, विंडोज नव्याने टाकलं, फरक शून्य. मग एकदा भावाच्या लक्षात आलं की स्क्रीन सरळ उभी असली की सिग्नल पूर्ण, थोडी मागे कलली की एकच रेघ. बऱ्याच लॅपटॉपचा वायफाय अँटेना स्क्रीनच्या कडेने बसवलेला असतो आणि त्याच्या बारीक वायरी बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात. इतकी वर्षं उघडझाप झाल्यावर त्या दबणारच! मागचं झाकण काढलं, आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला. दोनपैकी एक वायर कार्डावरून निसटलेलीच होती. तिचं टोक तांदळाच्या दाण्याहून लहान. बरोबर खाचेवर धरून वरून सरळ दाबलं की टक् असा आवाज येतो. तिरका जोर लावू नका, कार्डावरचा खुंट मोडला तर कार्डच बदलावं लागतं. दुसऱ्या वायरीचं आवरण बिजागरीपाशी चिरलं होतं, ती नवी घातली. त्याला आता दोन वर्षं झाली.

*

बाहेरची हार्ड डिस्क जोडली की नेट डळमळायचं. यूएसबी ३ ची केबल आणि डिस्क यांतून निघणारा रेडिओ गोंगाट वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो, आणि जुनी कार्डं पुष्कळदा तेवढ्या एकाच पट्ट्यावर चालतात. डिस्क लांब केबलने दूर ठेवली, प्रश्न मिटला. ज्यांच्या कार्डाला ५ गिगाहर्ट्झ जमतं त्यांनी सरळ तिकडे जावं.

*

आईच्या लॅपटॉपवर वायफाय जोडलेलं दिसे, पण एकही साइट उघडेना. तारीख काही वर्षं मागची दाखवत होता. आतला नाण्याएवढा सेल संपला होता. तारीख चुकली की साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र अवैध ठरतं. सेल बदलला आणि तारीख दुरुस्त केली.

*

नवा राउटर घेतल्यावर जुना लॅपटॉप जोडलाच जाईना. राउटरवर फक्त डब्ल्यूपीए ३ (वायफाय सुरक्षेची नवी पद्धत) चालू होतं, कार्डाला ते येत नव्हतं. डब्ल्यूपीए २ केल्यावर लागलं.

*

धागा काढणारा मीच. पिंग लावून बसलो, दोन्ही एकदम थांबले. टिक काढल्यावर वीस मिनिटांचे दोन तास झाले, पण सुटायचं थांबलं नाही. बिजागरीचा अनुभव वाचून आत्ता स्क्रीन मागे कलवून पाहिली आणि चारपैकी तीन रेघा गेल्या. उद्या बॅटरी सोडवून झाकण उघडतो. आत काय दिसलं ते इथेच लिहीन.